पार्श्वभूमी: हिंसक गेम, अल्पवयीन गिऱ्हाईक आणि न सापडणारं दुकान

बाजाराच्या दिवशी आमच्या तालुक्याच्या गावात मोबाईल दुरुस्तीच्या टपरीपुढे पोट्ट्यांची गर्दी असायची. साल 2012-13 असेल. खिशातून नखाएवढं मेमरी कार्ड काढायचं, वीस-तीस रुपये टेकवायचे अन् म्हणायचं, ‘भाऊ, गाणे भरून द्या, गेमही टाका.’ भाऊ कॉम्प्युटरवरचं एक अख्खं फोल्डर उचलून कार्डात ओतायचा. त्यात क्रिकेट असे, मोटारसायकलची शर्यत असे आणि भर रस्त्यात माणसं चिरडत गाडी पळवायचा गेमही असे. माल चोरीचा, पावती नाही, गिऱ्हाईक सातवी-आठवीतलं.

ती टपरी आठवायचं कारण असं, की हिंसक गेम अल्पवयीनांना विकू द्यावा का, हा वाद जगात जिथे पेटला तिथे तो दुकानाच्या गल्ल्यापाशीच पेटला.

सुरुवात बरीच जुनी आहे. 1976 मध्ये अमेरिकेत ‘डेथ रेस’ नावाचं नाणं टाकून खेळायचं यंत्र आलं. पडद्यावर पळणाऱ्या काडीसारख्या आकृत्या गाडीखाली घ्यायच्या, एवढाच खेळ. आज बघितलं तर हसू येईल, पण तेव्हा वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. खरी ठिणगी पडली ती ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या मारामारीच्या गेमने. हा गेम घरच्या टीव्हीवर पोचला आणि डिसेंबर 1993 मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये सिनेटर जो लिबरमन आणि हर्ब कोल यांनी सुनावण्या घेतल्या. सरकार कायदा करील या धास्तीने कंपन्यांनीच 1994 मध्ये ‘ईएसआरबी’ हे मंडळ काढलं आणि डब्यावर वयाचे शिक्के मारायला सुरुवात केली. शिक्का होता, सक्ती नव्हती. तिथल्या व्यापार आयोगाने 2000 मध्ये पोरांना एकटंच दुकानात पाठवून पाहिलं, तर 85 टक्के पोरं 17 वर्षांवरच्यांसाठीचा गेम घेऊन बाहेर आली.

2005 मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला: 18 वर्षांखालच्याला हिंसक गेम विकला वा भाड्याने दिला तर 1,000 डॉलरपर्यंत दंड. सही केली गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी. पडद्यावर बंदुका चालवून मोठा झालेला माणूस! कंपन्या कोर्टात गेल्या आणि कायदा एक दिवसही लागू झाला नाही. 27 जून 2011 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी तो रद्द केला. न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिलं, की पुस्तकांइतकंच अभिव्यक्तिस्वातंत्र्य गेमलाही आहे आणि ग्रिम बंधूंच्या परीकथाही काही कमी रक्तरंजित नाहीत. हे वाचताना मला आपली चिमणी-कावळ्याची गोष्ट आठवली. आजी सांगायची त्यात चिमणी कावळ्याला तापल्या तव्यावर बसवते, आणि आम्ही टाळ्या पिटायचो.

गंमत म्हणजे त्याच 2011 मध्ये व्यापार आयोगाच्या पाहणीत पोरांना असा गेम विकणाऱ्या दुकानांचं प्रमाण 13 टक्क्यांवर आलं होतं, तेही कायद्याविना. जर्मनीने मात्र उलटी वाट धरली. 2002 साली एरफुर्टच्या शाळेत गोळीबार झाला आणि पुढच्याच वर्षी तिथे वयाचा शिक्का कायद्याने बंधनकारक झाला.

आता आपल्याकडे या. भारतात असा कायदा नाही असं सरसकट म्हणतात, पण त्याचा एक विसरलेला पूर्वज आहे. 1956 चा ‘यंग पर्सन्स (हार्मफुल पब्लिकेशन्स) अॅक्ट’. भयकथांच्या चित्रपुस्तकांनी पोरं बिघडतात अशी ओरड तेव्हा जगभर होती. ब्रिटनने 1955 मध्ये कायदा केला, पाठोपाठ आपण. गुन्हे, हिंसा, क्रौर्य रंगवणाऱ्या आणि 20 वर्षांखालच्या मनाला बिघडवतील अशा गोष्टींची पुस्तकं विकणं, भाड्याने देणं गुन्हा ठरलं. कॅलिफोर्नियाला जे साधलं नाही ते आपण पन्नास वर्षं आधीच लिहून ठेवलं होतं, फक्त कागदाच्या पुस्तकापुरतं. 1952 च्या सिनेमा कायद्यातलं ‘ए’ प्रमाणपत्रही थिएटरच्या दारापर्यंतच.

गेम या दोन्हींच्या फटीतून गावात आला. आधी टीव्हीला जोडायची कॅसेट, मग बसस्टँडमागचं तासावारी पार्लर, मग सायबर कॅफे. 2011 च्या सायबर कॅफे नियमांत आडोशाची भिंत साडेचार फुटांहून उंच नको, पालकाशिवाय अल्पवयीनाला आडोशात बसवू नये, असं सगळं तपशिलात आहे. पण रोख इंटरनेटवर काय पाहतात यावर होता, गेमवर नाही. आणि सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, तसे आमच्याकडचे कॅफे एकेक करून झेरॉक्सची दुकानं झाले.

पुढे पबजी, मोबाईलवरचा गोळ्या झाडायचा गेम. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा 45 वर जातो, दुपारी कुत्रंही बाहेर पडत नाही. पोट्टे ओसरीवर फोन धरून. 2019 च्या मार्चमध्ये राजकोट पोलिसांनी या गेमवर बंदी घातली आणि अटक कुणाला केली, तर खेळणाऱ्या कॉलेजच्या पोरांना. विकणारा हाती लागण्यासारखा होताच कुठे? त्याच वर्षी एका अकरा वर्षांच्या मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात बंदीसाठी याचिकाही केली.

2 सप्टेंबर 2020 रोजी बंदी आली खरी. 118 अॅपच्या यादीत पबजी होता, कलम होतं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 69-अ, कारण देशाची सुरक्षा आणि सार्वभौमत्व. गलवानमध्ये चीनशी झालेल्या चकमकीनंतरचे दिवस होते ते. गावात मात्र ‘बरं झालं बावा, पोरं सुटली’ असंच सगळे म्हणाले. लेकरांचा आदेशाशी संबंध नव्हता. जुलै 2021 मध्ये तोच गेम ‘बीजीएमआय’ नावाने परतला: रक्त हिरवं, 18 खालच्यांना दिवसाला तीन तास, आणि पालकाचा मोबाईल नंबर आवश्यक. 2022 मध्ये पुन्हा गायब, 2023 मध्ये पुन्हा हजर. ऑगस्ट 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंदी घातली ती पैसे लावून खेळायच्या गेमवर. गोळ्या झाडायच्या गेमला त्या बंदीची झळ नाही.

2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 खालच्यांची माहिती वापरायला पालकाची पडताळलेली संमती हवी, असं आहे. प्ले स्टोअरवर 2015 पासून वयाचे आकडेही दिसतात. पण आमच्या शेजारच्या घरात फोन एकच. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी कापूस विकून घेतलेला. सिम बापाच्या आधारवर, जीमेलही बापाच्याच नावाचं, त्याच टपरीवाल्या भाऊनं काढून दिलेलं. ओटीपी आला की पोरगंच वाचून भरतं, कारण बाप वावरात असतो. प्ले स्टोअरच्या हिशेबाने तो गेम बेचाळीस वर्षांचा शेतकरी खेळतो आहे.