टायरचा व्हॉल्व्ह: रबरी चिरतो, धातूचा आतून खाल्ला जातो

टायरमध्ये हवा भरायची ती बोटाच्या पेराएवढी नळी बहुतेक सगळ्या गाड्यांवर एकसारखीच दिसते. तोंड तेच, आटे तेच, एकाची टोपी दुसऱ्याला बसते, आतली पिनही सहसा त्याच मापाची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आलेली श्राडर व्हॉल्व्हची ही रचना आजही तशीच चालते. घोळ होतो तो इथेच. तोंड सारखं असलं तरी बूड दोन तऱ्हांचं असतं, आणि दोघांचं बिघडणं अगदी वेगळं आहे.

आधी आपल्या गाडीला कोणता व्हॉल्व्ह आहे ते ओळखा. रंगावर जाऊ नका. रबरी व्हॉल्व्हवर चकचकीत धातूचं आवरण चढवलेलं असू शकतं. बुडाशी बोट लावून हलकेच बाजूला दाबा. लवचिकपणे वाकला तर रबरी. ताठ राहिला आणि रिमला टेकून बाहेरून नट दिसला तर धातूचा.

रबरी व्हॉल्व्हमध्ये पितळेच्या नळीभोवती रबर घट्ट चिकटवलेलं असतं. तो रिमच्या सुमारे ११.५ मिलिमीटरच्या भोकातून आतून ओढून बसवतात. नट नाही, काही नाही, रबराच्या पकडीवरच सगळा कारभार. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी ते रबर कडक होतं आणि बुडाशी बारीक चिरा पडतात. या चिरा फसव्या असतात. चाक वेगात फिरताना व्हॉल्व्ह रिमच्या कडेकडे झुकतो, चीर उघडते, हवा जाते. गाडी थांबली की चीर मिटते. मग उभ्या गाडीवर साबणाचं पाणी टाकून काहीच सापडत नाही आणि माणूस महिनाभर पंक्चर शोधत राहतो. म्हणून साबणाचं पाणी लावल्यावर व्हॉल्व्ह चारही बाजूंना वाकवून बघायचा. बुडबुडे बुडाशी आले तर व्हॉल्व्ह गेला. तोंडातून आले तर बहुधा फक्त पिन सैल किंवा खराब आहे. ती टायर न काढता बदलता येते.

धातूच्या व्हॉल्व्हची गोष्ट मला जास्त काळजीची वाटते, कारण तो बाहेरून धडधाकट दिसतो. हा बहुधा ॲल्युमिनियमचा असतो आणि बऱ्याचदा त्याच्या आतल्या टोकाला हवेचा दाब मोजणारा सेन्सर जोडलेला असतो. अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून आणि युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून नव्या मोटारींना दाबाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली, आणि हे व्हॉल्व्ह जास्त दिसू लागले. (सेन्सर असला म्हणजे व्हॉल्व्ह धातूचाच, असं मात्र नाही, रबरी व्हॉल्व्हवरही सेन्सर असतात.)

ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, म्हणून ते टिकतंच असा आपला समज असतो. पण पितळ त्याला चिकटून असेल आणि मध्ये ओल आली, त्यातही खारी, तर दोन धातूंमध्ये विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. पांढरी भुकटी साठते, फुगते, आट्यांत घट्ट बसते. हौसेने लावलेली पितळी टोपी किंवा पंक्चर काढताना घातलेली साधी पितळी पिन यासाठी पुरेशी असते. या व्हॉल्व्हला निकेलचा मुलामा दिलेली पिन आणि प्लॅस्टिकची टोपीच हवी.

आता मोडण्याचा क्षण. टोपी फिरत नाही, आपण पक्कड लावून जोर करतो, आणि टोपीबरोबर नळीच तुटून हातात येते. टायर तिथेच बसतो. अडकलेली टोपी दिसली तर रस्त्यात, घाईत तिच्या नादी लागू नका. टायर बदलण्याची सोय असेल तिथेच हात घाला. नळी एका पकडीने स्थिर धरून दुसरीने फक्त टोपी फिरवायची, म्हणजे पीळ खाली सेन्सरपर्यंत जात नाही. तरीही हलली नाही तर थांबायचं. खनिज तेलाचा फवारा बेताने, कारण ते बुडाच्या रबरी वॉशरला लागलं तर रबर फुगून खराब होतं.

दुरुस्तीही वेगळी. रबरी व्हॉल्व्ह स्वस्त असतो. नवा टायर घालताना तो बदललाच पाहिजे, जुना ठेवण्यात काहीच बचत नाही. साधे रबरी व्हॉल्व्ह साधारण ६५ पीएसआयपर्यंतच्या दाबासाठी असतात, त्यामुळे जास्त दाबाच्या मालवाहू टायरला ते चालत नाहीत. धातूच्या व्हॉल्व्हला दर टायरबदलाला वॉशर, नट, पिन आणि टोपी नवी लागते. नळीच खाल्ली गेली असेल तर पुष्कळ सेन्सरवर ती वेगळी बदलता येते. काहींवर दोन्ही एकसंध असतात, तिथे सेन्सरच नवा घ्यावा लागतो. टायर रिमवरून उतरवण्याआधी हे विचारून घ्या, आणि नट ठरलेल्या ताकदीनेच आवळायला सांगा. जास्त आवळला तर नट किंवा नळीला तडा जातो, आणि तो कित्येकदा आठवड्यांनी कळतो.