सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया असेल तर युडीआयडी कसं काढायचं, कोणाला मिळतं आणि काय काय लागतं

पहिलं उत्तर आधीच देतो, हो, या आजारांना दिव्यांग सर्टिफिकेट आणि युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मिळतं. अजूनही बऱ्याच जणांच्या डोक्यात दिव्यांग सर्टिफिकेट म्हणजे हातापायाचं नाहीतर डोळ्याकानाचं एवढंच बसलंय, आणि ते काही उगाच नाही, कारण 1995 च्या कायद्यात सातच प्रकार होते आणि रक्ताचा आजार त्यात कुठेच नव्हता. 2016 चा नवीन कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला, त्यात प्रकार 21 झाले आणि त्यात रक्ताचे तीन आले: हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल. फक्त हेच तीन बरं का. अप्लास्टिक ॲनिमिया (शरीरात रक्त पुरेसं तयारच होत नाही) किंवा आयटीपी (प्लेटलेट कमी होतात) असेल तर त्रास कितीही असू दे, रक्ताचा आजार म्हणून यात अर्ज होत नाही. पण तेवढ्यावरून सगळंच बंद होतं असं समजू नका, रेल्वेची सवलत अप्लास्टिक ॲनिमियालाही आहे, ते खाली येईल.

दुसरी गोष्ट, आणि या सगळ्यातली खरी अडचण तीच आहे, हे आजार बाहेरून दिसत नाहीत. पोरगं बोर्डाच्या, म्हणजे तपासून सर्टिफिकेट देणाऱ्या सरकारी डॉक्टरांच्या, रांगेत नीट चालत येतं, मोबाईल बघत बसतं, आणि मागच्याच महिन्यात ते चार दिवस क्रायसिसमध्ये, म्हणजे सिकलसेलच्या असह्य दुखण्याच्या झटक्यात, ॲडमिट होतं हे समोरच्या डॉक्टरला कळणार कसं? कागदावरूनच. म्हणजे दिव्यांगत्वाचे टक्के किती बसतात हे निम्म्याहून जास्त तुमच्या फाईलवर अवलंबून आहे, फॉर्म भरणं हा त्यातला सोपा भाग. लोक नेमकं उलटं करतात, महा ई-सेवा केंद्रात जाऊन आधी फॉर्म भरून टाकतात आणि मग बोर्डाची तारीख आली की रिपोर्ट शोधायला कपाट उघडतात.

आता पात्रता. इथे वाहक आणि रुग्ण यातला फरक समजून घ्याच. सिकलसेलमध्ये रिपोर्टवर एएस पॅटर्न असेल तर तो वाहक, त्याला सर्टिफिकेट नाही. एसएस असेल तर रुग्ण. थॅलेसेमिया मायनर म्हणजेही वाहकच, त्यालाही नाही, नेहमी रक्त भरावं लागणारा मेजर आणि त्रास असलेला इंटरमिडिया यांचा विचार होतो. आणखी एक प्रकार आहे ज्यात लोक फार गोंधळतात, आईकडून सिकल आणि बापाकडून थॅलेसेमियाचा दोष आला (किंवा उलट) तर मुलाला सिकल बीटा थॅलेसेमिया होतो, हा वाहक नाही, हा आजारच आहे, रिपोर्टवर तसं स्पष्ट लिहून घ्या नाहीतर कोणीतरी घाईत वाचून एएस म्हणून परत पाठवेल.

रिपोर्ट कोणता चालतो हेही बघा. गावात किंवा आश्रमशाळेत शिबिर होतं तिथे जी सोल्युबिलिटी टेस्ट करतात ती फक्त एवढंच सांगते की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे, वाहक की रुग्ण हे ती सांगूच शकत नाही. त्यामुळे ती पॉझिटिव्ह आलेली चिठ्ठी घेऊन बोर्डाकडे जाऊन काही उपयोग नाही, पुढची एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी टेस्ट, लागते. आणि ही टेस्ट करायच्या आधी गेल्या तीनेक महिन्यात रक्त भरलं असेल तर लॅबवाल्याला सांगा म्हणजे सांगाच, कारण दुसऱ्याचं रक्त अंगात असताना पॅटर्न भलताच दिसतो, एसएसचा पेशंट एएससारखा दिसू शकतो. ज्यांना दर तीन आठवड्याला रक्त लागतं त्यांनी निदान झालं तेव्हाचा, म्हणजे रक्त सुरू व्हायच्या आधीचा पहिला रिपोर्ट जिवापाड जपायचा, तो हरवला तर मग आईवडिलांच्या टेस्ट नाहीतर जीन टेस्ट करत बसावं लागतं.

हिमोफिलियात फॅक्टर ॲसे (रक्त गोठवणारा फॅक्टर किती आहे ते मोजणारी टेस्ट) लागते, नुसता एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) वाढलाय एवढं पुरत नाही. फॅक्टर आठ की नऊ आणि किती टक्के, हे त्यावर असतं: 1 टक्क्यापेक्षा कमी म्हणजे सिव्हिअर, 1 ते 5 मॉडरेट, त्यावर माइल्ड. इन्हिबिटर (दिलेला फॅक्टर निकामी करणारी अँटीबॉडी) आले असतील तर तो रिपोर्ट वेगळा जोडा. आणि एक लक्षात ठेवा, हा फॅक्टरचा टक्का वेगळा आणि दिव्यांगत्वाचा टक्का वेगळा, काही जण एकच समजून बसतात आणि मग बोर्डासमोर वाद घालतात.

फाईलमध्ये काय काय, ते सांगतो. निदानाचा मूळ रिपोर्ट. गेल्या एकदोन वर्षातली सगळी डिस्चार्ज कार्डं, तारखेप्रमाणे लावून. रक्त भरल्याच्या नोंदी, डे केअरला (रक्त किंवा फॅक्टर देऊन त्याच दिवशी घरी सोडतात तिथे) वही किंवा कार्ड असतं त्याची झेरॉक्स, म्हणजे वर्षात किती वेळा भरलं ते एका नजरेत दिसतं. थॅलेसेमिया असेल तर फेरिटिनचे (अंगात लोह किती साठलंय त्याचे) रिपोर्ट आणि लोह काढायचं कोणतं औषध चालू आहे ते. हिमोफिलियात फॅक्टर किती वेळा घेतला, कोणत्या सांध्यात रक्तस्राव झाला, गुडघा किंवा कोपर आखडलं असेल तर त्याचा एक्स-रे. सिकलसेलमध्ये क्रायसिस किती वेळा आला, हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू आहे का, खुब्याचं हाड खराब झालंय का (ते असेल तर एमआरआय), कधी स्ट्रोक झाला होता का. आणि या सगळ्याच्या वर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरचं एक पानी पत्र, त्यात आजाराचं पूर्ण नाव, कधीपासून, उपचार काय, गुंतागुंत काय, खाली सही शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर.

डिस्चार्ज कार्ड घेताना तिथेच उभं राहून वाचायची सवय लावा. एका पोराची पाच डिस्चार्ज कार्डं बघितली, त्यातल्या तीनवर नुसतं सिव्हिअर ॲनिमिया लिहिलेलं, सिकलसेल हा शब्दच नाही. आता ते तीन ॲडमिशन बोर्डाच्या हिशेबात धरायचे कसे? हॉस्पिटलचं काही जात नाही, तुमचे टक्के जातात. सिस्टरला सांगायचं, आजाराचं नाव टाका, लगेच टाकून मिळतं, वर्षभराने गेलं की रेकॉर्ड रूमचे हेलपाटे.

टेस्ट कुठे करायच्या हा प्रश्न नेहमी येतो. नाशिक, ठाणे, अमरावती आणि सातारा इथल्या जिल्हा रुग्णालयात या आजारांची डे केअर सेंटर आहेत. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, तिचंच एक केंद्र चंद्रपूरला आहे. या दोन्ही मुळात संशोधनाच्या संस्था, त्यामुळे तिथे कधीकधी तुमचं सॅम्पल एखाद्या अभ्यासासाठीही मागतात आणि संमतीपत्रावर सही घेतात. द्यायचं की नाही तुमची मर्जी, नाही म्हटलं तरी उपचार थांबवता येत नाहीत. पण दिलंत तर एक विचारून घ्या, याचा सही असलेला रिपोर्ट मला मिळणार का? कारण अभ्यासासाठी केलेली तपासणी आणि पेशंटच्या नावाने निघालेला रिपोर्ट या दोन गोष्टी आहेत, बोर्डाला दुसरी लागते.

आता अर्ज. स्वावलंबन कार्ड डॉट गव्ह डॉट इन ही केंद्र सरकारची साईट, त्यावरच करायचा, अर्जाला फी नाही. सेंटरवाला भरून देण्याचे आणि प्रिंटचे पैसे घेईल ते वेगळे, पण टक्के वाढवून देतो म्हणणारा भेटला तर तिथून उठा. आधार, सहा महिन्यांच्या आतला फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा एवढं स्कॅन करून लागतं. अठराच्या आतलं मूल असेल तर आई, वडील किंवा पालक अर्ज करतात. नाव आधारवर आहे तसंच टाका, शाळेच्या दाखल्यावर वेगळं असेल तर आधी ते सरळ करून घ्या, नंतर कार्डावरचं नाव बदलणं जास्त डोकेदुखीचं आहे. मोबाईल नंबर स्वतःचा द्या, सेंटरवाल्याचा नको, सगळे मेसेज त्याच नंबरवर येतात.

हॉस्पिटल निवडताना जरा थांबा. साधारणपणे लोक आपल्या जिल्ह्याचं सिव्हिल टाकतात, पण नियमात असंही आहे की ज्या सरकारी दवाखान्यात उपचार चालू आहेत किंवा झालेत तिथेही अर्ज करता येतो, फक्त त्या दवाखान्याला सर्टिफिकेट द्यायचा अधिकार हवा. रक्ताच्या आजारात हे फार कामाचं आहे, कारण गडचिरोली नंदुरबारसारख्या ठिकाणी रक्ताचा स्पेशालिस्ट मिळणं अवघड आणि मेडिकल कॉलेजला तुमचा केसपेपर आधीच पडलेला असतो, तिथला डॉक्टर तुम्हाला ओळखतोही.

फॉर्म गेला की एनरोलमेंट नंबर येतो, तो लिहून ठेवा. मग तारीख येईल, किंवा काही ठिकाणी ठरलेल्या वारी बोर्ड बसतं तेव्हा जायचं. त्या दिवशी ओरिजनल आणि झेरॉक्सचा एक सेट, सकाळी लवकर, पेशंट सोबत पाहिजेच. सिकलसेलचं मूल असेल तर पाण्याची बाटली आणि थंडीत स्वेटर विसरू नका, उन्हात उपाशीतापाशी रांगेत उभं राहून तिथेच क्रायसिस यायला नको. डॉक्टरांनी विचारलं तर वाढवूनही सांगू नका आणि लाजून कमीही सांगू नका, आपल्याकडे आया हमखास म्हणतात की तसा बराय आता, आणि मग तेच लिहिलं जातं.

2024 च्या ऑक्टोबरमध्ये नियम बदलले. सर्टिफिकेट द्यायची मुदत आधी एक महिना होती ती आता तीन महिने आहे. अर्ज करून तुम्ही तपासणीला गेलाच नाहीत आणि दोन वर्षं निघून गेली तर अर्ज बाद होतो, परत नव्याने. कार्डाचे रंगही ठरलेत: 40 टक्क्यांच्या खाली पांढरं, 40 ते 80 च्या आत पिवळं, 80 आणि वर निळं. बहुतेक सगळे फायदे 40 पासून सुरू होतात.

टक्के कमी वाटले किंवा अर्ज फेटाळला तर निर्णयाच्या तारखेपासून 90 दिवसांच्या आत अपील करता येतं. अपिलात रडगाणं नको, सुटलेला कागद जोडा आणि हा तेव्हा विचारात घेतला नव्हता असं सरळ लिहा. आणि ज्याला आजार नाही त्याने या वाटेला जाऊच नये, खोटेपणाने लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि मध्यंतरी बोगस सर्टिफिकेटची प्रकरणं गाजल्यापासून राज्यात फेरतपासणीही कडक झालीय.

आता मिळतं काय. इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे म्हणून आधी तोच. सरकारी नोकरीतलं 4 टक्के दिव्यांग आरक्षण या तीन आजारांना नाही. कायद्याच्या कलम 34 मध्ये कोणकोणत्या प्रकारांना ते हे दिलंय आणि त्यात रक्ताचे आजार घेतलेले नाहीत. का नाही, हा प्रश्न रास्त आहे, माझ्या मते हा उघड अन्याय आहे, पण आज वस्तुस्थिती ही आहे, तेव्हा नोकरी लागेल म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. शिक्षणात मात्र आहे. सरकारी आणि अनुदानित कॉलेजात उच्च शिक्षणाला किमान 5 टक्के जागा आणि वयात 5 वर्षं सूट, हे 40 टक्के आणि वरच्या सगळ्यांना, म्हणजे तुम्हालाही. नीटला मात्र नुसतं युडीआयडी दाखवून भागत नाही, काउन्सेलिंगसाठी नेमून दिलेल्या केंद्रात वेगळी तपासणी होते, मुंबईत हाजी अलीची एआयआयपीएमआर ही त्यातली एक. शाळेत असाल तर परीक्षेला ताशी 20 मिनिटं जास्त मिळतात, पण हे शाळेमार्फत आधी मंजूर करून घ्यावं लागतं, पेपरच्या आदल्या दिवशी नाही.

संजय गांधी निराधार योजनेच्या मानधनासाठी तहसीलला अर्ज, उत्पन्नाचा दाखला लागतो. राज्याने या योजनेतलं दिव्यांगांचं मानधन 1500 वरून 2500 केलंय. एसटीत सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या पेशंटला उपचारासाठी जायला मोफत प्रवास आहे.

रेल्वेला तर युडीआयडी लागतही नाही. हॉस्पिटलमधून ठरलेल्या फॉर्मवर डॉक्टरची सही शिक्का घ्यायचा आणि काउंटरवर द्यायचा. थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाला स्लीपर आणि थर्ड एसीत 75 टक्के, सिकलसेल आणि अप्लास्टिक ॲनिमियाला 50 टक्के सवलत, ही फक्त उपचाराला किंवा तपासणीला जाण्यायेण्यासाठी. रक्तपेढीत रक्त मोफत मिळायलाही हे कार्ड लागत नाही, आणि बदली डोनर आणा असं या पेशंटना सांगता येत नाही. इन्कम टॅक्सच्या सवलतीचं गणित आणखी वेगळं, तिथे स्पेशालिस्टचं प्रिस्क्रिप्शन लागतं.

कार्ड हातात आलं की सगळ्यात आधी वैधतेची तारीख बघा. लहान मुलांना बहुतेक वेळा ठरावीक वर्षांपुरतं देतात, मग परत तपासणी. ती तारीख दहावी, बारावी किंवा ॲडमिशनच्या वर्षात पडत असेल तर सहा महिने आधीच रिन्यूअलचा अर्ज टाका, कारण जूनमध्ये सगळा जिल्हा त्याच रांगेत असतो.