स्थितिस्थापकता आणि लवचिकता

बाहेरून बल लावल्यावर वस्तूचा आकार बदलतो. बल काढताच मूळ आकार परत मिळवण्याच्या पदार्थाच्या गुणधर्माला भौतिकशास्त्रात स्थितिस्थापकता म्हणतात. अर्थशास्त्रातील लवचिकता हे प्रतिसादाचे माप आहे : किंमत किंवा उत्पन्न बदलले की मागणी अथवा पुरवठा किती हलतो, हे त्यातून कळते. बोलीभाषेत वेळ, नियम, माणसाचा स्वभाव असे काहीही लवचिक असू शकते. तेथे वाकण्याची तयारी पुरते, पूर्ववत होण्याची अट नसते.

रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार स्थितिस्थापकतेच्या मर्यादेत वस्तूची वाढ बलाच्या प्रमाणात होते. रबर सहज ताणते म्हणून तेच अधिक स्थितिस्थापक, हा समज सर्रास आढळतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तो चूक आहे. पोलादाचा यंग गुणांक (ताणले जाण्यास पदार्थ किती विरोध करतो याचे माप) सुमारे २०० गिगापास्कल, म्हणजे रबराच्या कित्येक हजार पट असतो. एक चौरस सेंटिमीटर छेदाच्या, एक मीटर लांबीच्या पोलादी सळईला एक टन वजन टांगले, तरी ती जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते आणि वजन उतरवताच पहिल्या लांबीवर येते. पणजी आणि पर्वरी जोडणारा अटल सेतू (२०१९) व झुवारी नदीवरचा नवा पूल यांच्या पोलादी केबल याच गुणावर भार पेलतात. ‘तुटेपर्यंत ताणू नये’ असे आपण म्हणतो, परंतु पोलाद तुटण्याच्या बरेच आधी स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडते आणि मग बल काढले तरी थोडी विकृती कायमची राहते. त्यामुळे पुलाच्या अभियंत्याला तुटण्याच्या बिंदूइतकीच, किंबहुना अधिक, या आधीच्या मर्यादेची काळजी असते.

मागणीच्या लवचिकतेची कल्पना आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये रूढ केली. मागणीतील शेकडा बदलाला किमतीतील शेकडा बदलाने भागले की ती मिळते. समजा, बांगडा किलोमागे २०० रुपयांवरून २२० वर गेला आणि विक्री १०० किलोवरून ९६ वर आली. किंमत दहा टक्के वाढली, मागणी चार टक्के घटली. लवचिकता ०.४, एकाहून कमी, म्हणून मागणी अलवचिक.

गोव्यातील मासळीचा बाजार या संकल्पनेसाठी उत्तम उदाहरण आहे. नुस्त्याशिवाय (मासळीशिवाय) जेवण अपुरे वाटणाऱ्या घरांत एकूण मासळीची मागणी फारशी लवचिक नसणार. पण विसवण (सुरमई) महागली तर गिऱ्हाईक बांगड्याकडे किंवा तारल्यांकडे वळते, त्यामुळे एकट्या विसवणीची मागणी बरीच लवचिक ठरते. पर्याय जितके अधिक, तितकी लवचिकता अधिक. पुरुमेंतासाठी (पावसाळ्याच्या बेगमीसाठी) साठवलेले सुके बांगडे आणि सुकी सुंगटां (कोळंबी) हाही पावसाळ्यातला असाच एक पर्याय.

पुरवठ्याची बाजू वेगळी आहे. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, तेव्हा भाव कितीही चढला तरी ट्रॉलर समुद्रात जात नाहीत. ऑगस्टमध्ये ते निघाले की आवक वाढते आणि भाव उतरू लागतात. ही उतरण स्प्रिंगसारखी मूळ जागी परतण्याच्या बलामुळे होत नाही. डिझेल, बर्फ किंवा मजुरी दरम्यान महागली असेल, तर भाव मे महिन्याच्या पातळीवर येईलच असे नाही.