चाकाचे तीन तुकडे झाले कसे

जुनी गाडी हौसेनं नव्यानं उभी करणाऱ्याच्या गॅरेजात हे दृश्य हमखास दिसतं. चाकाचा मधला भाग सोनेरी रंग लावून वाळत टाकलाय, आरशासारखी घासलेली लिप, म्हणजे चाकाची बाहेरची कड, जुन्या चादरीत गुंडाळलीय आणि डब्यात बारीक बोल्टांचा ढीग पडलाय. बाजारात एकसंध चाक मिळत असताना तीन तुकडे बोल्टांनी जोडलेल्या चाकाचा हा पसारा कशाला? बघणाऱ्याला ती सजावट वाटते, पण मूळ कारण शर्यतीच्या ट्रॅकवर सापडतं.

रिम सुटी करायची कल्पना मात्र शर्यतींसाठी निघालेली नाही. सुरुवातीच्या मोटारींत पंक्चर म्हणजे रस्त्याच्या कडेला बराच वेळ घाम गाळणं, म्हणून टायरसकट रिमच उतरवता यावी अशी सोय निघाली. लुई पर्लमन या अमेरिकी माणसाला तशा रिमचं पेटंट १९१३ मध्ये मिळालं. पुढे ट्रकच्या चाकांत लॉक रिंग, म्हणजे टायर रिमवर धरून ठेवणारी सुटी कडी, आली. ती नीट बसली नसेल तर हवा भरताना बंदुकीच्या गोळीसारखी उडते; अमेरिकेत १९८० मध्ये अशा चाकांच्या कामासाठी वेगळा सुरक्षा नियमच करावा लागला. व्हेस्पाच्या चाकातही पत्र्याचे दोन अर्धे भाग नट-बोल्टांनी जोडलेले असत. हवा न सोडता ते नट ढिले करणाऱ्याची गत ज्यानं पाहिलीय, त्याला तीन तुकड्यांच्या चाकाचा पहिला धडा, आधी हवा सोडा मग बोल्ट, वेगळा शिकवायला नको.

ट्रॅकवरची अडचण वेगळी होती. १९२४ च्या बुगाटी टाइप ३५ वर ओतीव अॅल्युमिनियमची चाकं आली, महायुद्धानंतर अमेरिकेत टेड हॅलिब्रँड मॅग्नेशियमची चाकं ओतू लागला. वजन घटलं, पण एकसंध ओतीव चाकाची रुंदी एकदा ठरली की ठरली. वेगळी रुंदी हवी तर साचा बदला. कडेला ठोकर बसून रिम वाकली तर अख्खं चाक भंगारात. त्यात १९६० नंतर शर्यतीचे टायर भराभर रुंद होत गेले.

जर्मनीत शिल्टाख इथे हाइनरिख बाउमगार्टनर आणि क्लाउस ब्रांड यांनी १९७० मध्ये बीबीएस ही कंपनी सुरू केली. १९७२ मध्ये त्यांनी तीन भागांचं शर्यतीचं चाक बनवलं. मधली जाळी वेगळी. बाहेरची लिप आणि आतलं बॅरल, म्हणजे रिमचा गाडीकडचा रुंद भाग, अॅल्युमिनियमचा पत्रा फिरवत दाबून घडवलेलं. तिन्ही एकाच बोल्टांच्या वर्तुळावर आवळायचे. २ इंची लिपला साडेपाच इंची बॅरल जोडलं की साडेसात इंची चाक. उद्या रुंद टायर आला तर फक्त बॅरल बदलायचं, आणि वाकलेली लिप बदलायची तर मधल्या भागाला हातही लावायचा नाही. १९८३ मध्ये याच घडणीचं बीबीएसचं आरएस नावाचं चाक रस्त्यावरच्या गाड्यांसाठी आलं. तोवर जपानात वर्क, अमेरिकेत एचआरई अशा चाकं बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. ट्रॅकवर सोय म्हणून आलेले बोल्ट इथून पुढे मिरवायची वस्तू झाले.

आज घरी चाक जुळवताना जे नियम पाळायचे, ते सगळे त्याच घडणीतून आलेत. लिप आणि बॅरलच्या सांध्यातून हवा निसटते, म्हणून सिलिकॉन सीलंटची अखंड रेघ भरायची आणि ती पूर्ण वाळेपर्यंत टायर चढवायचा नाही. बोल्ट समोरासमोरच्या क्रमानं, टॉर्क रेंचनं (ठरवलेल्या जोरानंच आवळणारा पाना), दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. जाळी मॅग्नेशियमची असेल तर उघडी ठेवून चालत नाही, गंज लगेच धरतो. लिपवरच्या लॅकरला, म्हणजे पारदर्शक थराला, एक ओरखडा पडला की त्याखाली पांढऱ्या अळ्यांसारख्या रेघा सरकू लागतात. म्हणून काहीजण लॅकर लावतच नाहीत आणि दर थोड्या दिवसांनी पॉलिश घेऊन बसतात. मीही त्यातलाच.

रंगाचं एक मात्र मी चुकून शिकलो. पहिल्या सेटची जाळी सगळीकडून पावडर कोट (भट्टीत भाजून बसवलेला रंग) करून घेतली, जिथे लिप टेकते तो भागसुद्धा. दिसायला झकास. महिन्याभरात तो जाड थर दाबला गेला, बोल्टांचा ताण उतरला आणि साबणाचं पाणी मारल्यावर सांध्याशी बारीक बुडबुडे यायला लागले. सगळं पुन्हा उघडून, जुनं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडण्यात दोन रविवार गेले. टेकणाऱ्या पृष्ठभागावर मास्किंग टेप लावायचा, इतकंच करायचं होतं.

शर्यतींनी हे चाक कधीच मागे टाकलं. धातू दाबून घडवलेल्या (फोर्ज्ड) एकसंध चाकांत बोल्टांचं वजन नाही की गळणारा सांधा नाही. २०२२ मध्ये फॉर्म्युला वन १८ इंची चाकांवर आलं तेव्हा सगळ्या संघांना चाकं पुरवायचं काम बीबीएसकडेच गेलं, आणि त्या चाकात जोड नाही. उलट रस्त्यावरच्या काही स्वस्त एकसंध चाकांच्या कडेला बोल्टांची डोकी ओळीनं दिसतात. पाना लावायला गेलं की ती नुसती चिकटवलेली निघतात.