टेड की टेडेक्स? परिचयाच्या चिठ्ठीतली एक चूक

इंदूरच्या मराठी कार्यक्रमांत मी बरीच वर्षं सूत्रसंचालन करते. पाहुण्यांच्या परिचयाची चिठ्ठी ऐनवेळी हातात येते आणि गेल्या काही वर्षांत तिच्यात एक ओळ हमखास असते: ‘टेड स्पीकर’. मी विचारते, ‘टेड की टेडेक्स?’ उत्तर ठरलेलं, ‘अहो ताई, एकच ना ते!’

एक नाही. मध्यंतरी रामबागेतल्या एका कार्यक्रमात मी ती ओळ ‘टेडेक्स’ अशी दुरुस्त करून वाचली, तर आयोजक माझ्यावरच रागावले. पाहुण्यांचा मान कमी केला म्हणे. म्हणून हे एकदा नीट लिहून काढते.

टेड म्हणजे जाणकारांच्या छोट्या भाषणांची परिषद भरवणारी संस्था. तिच्याबद्दल फार सांगायला नको, मोबाइलवर सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तंत्रज्ञान, मनोरंजन आणि डिझाइन या तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून झालेलं नाव. पहिली परिषद 1984 साली कॅलिफोर्नियातल्या माँटेरेला भरली, 2006 पासून भाषणं इंटरनेटवर फुकट दिसू लागली, 2014 मध्ये मुख्य परिषद कॅनडातल्या व्हँकुव्हरला गेली. विज्ञान, अर्थकारण, कला, शिक्षण, कुठलाही विषय असो, जाणकाराने तो साधारण अठरा मिनिटांत सामान्य माणसाला समजेल असा मांडायचा.

टेडेक्स 2009 मध्ये सुरू झालं. लाल गोल गालिचा, कानाजवळचा माइक, मागची मोठी अक्षरं, अठरा मिनिटांची मर्यादा हे सगळं तेच. दिसण्यात फरक शोधत बसू नका, साचाच तो आहे. भाषणं इंग्रजीतच हवीत असंही नाही.

खरा फरक एका प्रश्नात आहे: वक्ता कोणी निवडला?

टेडच्या मंचावर कोण उभं राहणार हे टेड संस्थेची स्वतःची माणसं ठरवतात. भाषण महिनोन्‌महिने घासूनपुसून घेतात, त्यातले दावे तपासतात. टेडेक्समध्ये टेड संस्था वक्ता निवडतच नाही. एखाद्या गावातला, कॉलेजातला माणूस अर्ज करतो, टेड त्याला आपलं नाव आणि साचा वापरायचा परवाना देतं. परवाना फुकट असतो, पण एकाच कार्यक्रमापुरता. पुढच्या वर्षी पुन्हा मागायचा. विषय कोणता, वक्ते कोण, त्यांचं म्हणणं खरं की खोटं, हे सगळं पाहायची जबाबदारी त्या स्थानिक संयोजकाची. ‘एक्स’चा अर्थच ‘स्वतंत्रपणे आयोजित’ असा आहे. म्हणजे टेडेक्स ही टेडची शाखा नव्हे, फ्रँचायझी नव्हे आणि पुरस्कार तर नव्हेच.

आपल्या घरातलं उदाहरण घ्या. बोर्डाच्या नमुन्यावर शाळा सराव परीक्षा घेते. प्रश्नपत्रिका तशीच दिसते, वेळ तेवढाच, गुणही शंभरपैकी. पण पेपर शाळेने काढला आणि शाळेनेच तपासला. त्यात पंच्याण्णव मिळवणारं मूल हुशार असेलही, पण ‘बोर्डात पंच्याण्णव’ असं कोणी सांगत नाही. शाळा कडक असेल तर सराव परीक्षा बोर्डाहून अवघड निघते, ढिली असेल तर सगळेच पहिले. टेडेक्सचं अगदी हेच आहे. एका शहरात संयोजक सहा-सहा महिने वक्त्यांमागे लागून एकेक वाक्य तपासून घेतात. दुसरीकडे ओळखीपाळखीने नावं ठरतात. बाहेरून दोन्ही व्हिडिओ सारखेच दिसतात.

हा फरक टेड लपवत नाही. टेडेक्सच्या कोणत्याही व्हिडिओखालचं वर्णन उघडून वाचा. टेडचा साचा वापरून, पण स्थानिक मंडळींनी स्वतंत्रपणे भरवलेल्या कार्यक्रमात हे भाषण झालं, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. काही भाषणांखाली त्याहून कडक सूचना असते, की यातल्या दाव्यांना पुरेसा वैज्ञानिक आधार नाही. आपण वर्णन उघडत नाही, व्हिडिओ थेट घरच्या ग्रुपवर टाकतो.

मला सगळ्यात जास्त काळजी विज्ञानाच्या आणि आरोग्याच्या भाषणांची वाटते. डिसेंबर 2012 मध्ये टेडने जगभरच्या टेडेक्स संयोजकांना जाहीर पत्र लिहिलं: छद्मविज्ञान, म्हणजे विज्ञानाचा नुसता आव आणणारे बिनपुराव्याचे दावे, ओळखायला शिका. कुठे सावध राहायचं तेही सांगितलं. फुकट ऊर्जा देणारी यंत्रं, ‘ऊर्जाक्षेत्रा’ने बरे होणारे आजार, मेंदूविज्ञानाचं नाव लावून केलेले वाटेल ते दावे. पुढच्याच वर्षी लंडनच्या टेडेक्स व्हाइटचॅपलमधली दोन भाषणं टेडने यूट्यूब चॅनेलवरून काढून वेगळी ठेवली, त्यावरून मोठा वाद झाला. म्हणून माझ्या मावशीने ‘टेडवाल्या डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हणत गोळ्या बंद करायचा विचार बोलून दाखवला, तेव्हा मी आधी व्हिडिओच्या कोपऱ्यातलं नाव पाहिलं. तिथे टेडेक्स होतं. मावशीला शेजारी बसवून खालचं वर्णन मोठ्याने वाचून दाखवलं आणि गोळ्यांचं तिच्या डॉक्टरांनाच विचारायला लावलं.

आता पैशांचं. भावाच्या मुलाला एक मेल आला: तुमची टेडेक्स वक्ता म्हणून निवड झाली आहे, सहभाग शुल्क पस्तीस हजार. पोरगा हरखून गेला, वहिनी पैशांची जुळवाजुळव करायला लागली. टेडचा नियम साफ आहे. टेडेक्सच्या वक्त्याला मानधन देत नाहीत आणि त्याच्याकडून बोलण्याचे पैसेही घेता येत नाहीत. कोणी शुल्क मागितलं की तिथेच बोलणं थांबवायचं. मंचावरून स्वतःचा क्लास किंवा औषध विकायलाही परवानगी नाही. शहरातल्या होर्डिंगवर ‘टेड स्पीकर’ लिहून क्लासची फी वाढवलेली दिसते तेव्हा मला म्हणूनच फार वाईट वाटतं. पैसे आईवडिलांचे जातात.

पण याची उलटी चूकही करू नका. टेडेक्स म्हणजे दुय्यम, असं बिलकुल नाही. अमेरिकन संशोधिका ब्रेने ब्राउन यांचं जगभर गाजलेलं भाषण 2010 च्या टेडेक्स ह्यूस्टनमधलं आहे. ते टेडच्या संकेतस्थळावर आलं आणि 2012 मध्ये त्यांना मुख्य मंचावर बोलावलं गेलं. लेखक सायमन सिनेक यांचं प्रसिद्ध भाषणही टेडेक्समधलंच, 2009 चं, अमेरिकेतल्या प्युजेट साउंडचं. टेड अशी निवडक टेडेक्स भाषणं स्वतः पाहून आपल्या संकेतस्थळावर घेतं, तेव्हा त्यांना दुसरी चाळण लागलेली असते. भाषण चांगलं की वाईट हे भाषणावरूनच ठरवा. मात्र कुठे झालं ते खरं सांगा.

माझ्या मते टेडेक्सची खरी ताकद ‘स्थानिक’ या शब्दात आहे, आणि तीच आपण वाया घालवतो. गावोगाव तेच ‘स्वप्नं बघा, हार मानू नका’. ते सांगायला कोणालाही बोलवा, इंदूरची गरजच काय? आपल्या शहरात कचरा घरातूनच सहा प्रकारांत वेगळा होऊन गाडीत पडतो. इंदूरच्या देवगुराडियाला 2022 मध्ये रोज 550 टन ओल्या कचऱ्यातून बायो-सीएनजी, म्हणजे गाड्यांना चालणारा इंधनवायू, काढण्याच्या क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. लाखो घरांची सवय बदलली कशी, सुरुवातीला लोक काय म्हणून भांडले, गाडीवरच्या माणसाने त्यांना कसं समजावलं, हे सांगू शकणारी माणसं इथेच राहतात. त्यात विज्ञान आहे, अर्थकारण आहे, शिक्षणही आहे. ही अठरा मिनिटं व्हँकुव्हरला बसून कोणाला सुचणार नाहीत. अशा वक्त्याची चिठ्ठी माझ्या हातात आली तर मी ‘टेडेक्स’ हा शब्द आवाज चढवून वाचेन.

तोवर संयोजकांना एवढंच सांगणं, की चिठ्ठीत पूर्ण नाव लिहून द्या: टेडेक्स, पुढे गाव किंवा कॉलेज, आणि वर्ष. मी तेवढंच वाचणार आहे.