शून्य-नॉक्स नियम (सॅन फ्रान्सिस्को बे एरिया)

घरगुती गॅस वॉटर हीटर आणि फर्नेस (घर उबदार ठेवणारी गॅसची भट्टी) यांतून निघणारे नायट्रोजन ऑक्साइड, म्हणजे नॉक्स, थांबवण्यासाठी कॅलिफोर्नियातील बे एरिया हवा गुणवत्ता व्यवस्थापन जिल्ह्याने मार्च २०२३ मध्ये मंजूर केलेले नियम (क्रमांक ९-४ व ९-६).

नॉक्स हा गॅसमधील भेसळीचा परिणाम नाही. ज्योतीच्या प्रखर उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतो. धुराड्यातून बाहेर पडल्यावर उन्हाळ्यात त्यापासून ओझोन बनतो, तर हिवाळ्यात अमोनियाशी संयोग होऊन अमोनियम नायट्रेटचे सूक्ष्म कण तयार होतात. ज्योत थंड ठेवणाऱ्या बर्नरांमुळे वॉटर हीटरची नॉक्स-मर्यादा उष्णतेच्या प्रति ज्यूल १० नॅनोग्रॅमपर्यंत खाली आली होती, पण ज्योत आहे तोवर शून्य गाठता येत नाही. त्यामुळे व्यवहारात या नियमाचा अर्थ विजेवरचा हीट पंप, म्हणजे ज्योतीशिवाय हवेतली उष्णता ओढून पाणी किंवा घर तापवणारे यंत्र, असाच होतो.

मूळ वेळापत्रकानुसार ताशी ७५,००० बीटीयूपेक्षा (सुमारे २२ किलोवॉट) कमी क्षमतेच्या वॉटर हीटरना नियम १ जानेवारी २०२७ पासून, फर्नेसना २०२९ पासून आणि मोठ्या वॉटर हीटर-बॉयलरना २०३१ पासून लागू होतो. बंधन नव्या उपकरणाच्या विक्रीवर व बसवण्यावर आहे; चालू उपकरण वापरता येते, दुरुस्तही करता येते. बे एरियातल्या मराठी घरांत पहिली शंका शेगडीची असते. शेगडी या नियमात येत नाही. मात्र तिला धुराडे नसल्याने तिचा नायट्रोजन डायऑक्साइड स्वयंपाकघरातच राहतो, आणि शेगडीवरचा, हवा तिथेच फिरवणारा हूड तेलकटपणा अडवतो, वायू नाही. हूडची नळी घराबाहेरच काढलेली हवी.

गॅस कमी करण्याचे सगळेच प्रयत्न टिकले नाहीत. बे एरियातील बर्कली शहराने २०१९ मध्ये नव्या इमारतींत गॅसची पाइपलाइन टाकण्यावर घातलेली बंदी अपील न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द ठरवली. लॉस एंजेलिस भागातील हवा गुणवत्ता जिल्ह्याच्या मंडळाने जून २०२५ मध्ये अशाच रोखाचा प्रस्ताव फेटाळला.

खरी अडचण येते जुना हीटर अचानक फुटल्यावर. गरम पाणी त्याच दिवशी हवे असते आणि वायरिंग तयार नसते. बहुतेक हीट पंप हीटरना २४० व्होल्ट, ३० अँपिअरचे स्वतंत्र सर्किट लागते. १२० व्होल्टवर चालणारी मॉडेलही मिळतात, पण त्यांत पाणी सावकाश तापते. म्हणून सर्किट आधीच ओढून ठेवणे शहाणपणाचे. यंत्र आजूबाजूच्या हवेतली उष्णता ओढते. बंद कपाटात ते बसवले तर हवा थंडगार पडते, आतली विजेने थेट पाणी तापवणारी कॉइल चालू होते आणि बिल फुगते. तिथे हवा खेळती ठेवणारे झडपांचे दार किंवा डक्ट (हवेची नळी) लागतो. हवेतल्या बाष्पाचे यंत्रात साचणारे पाणी वाहून नेणारी नळी तुंबली की फरशीवर पाणी येते. भूकंपासाठी टाकीला वरच्या व खालच्या तिसऱ्या भागात पट्टे बांधणे कॅलिफोर्नियात सक्तीचे आहे.

जुना हीटर आणि फर्नेस एकाच धुराड्याला जोडलेले असतील, तर हीटर काढल्यावर उरलेल्या एकट्या फर्नेसला ते धुराडे जास्त रुंद पडू शकते. धूर आतच थंड होतो, ओल धरते, आणि कधी कधी कार्बन मोनॉक्साइड उलटा घरात शिरतो. हीटर काढण्याच्या दिवशीच धुराड्याचे माप तपासून गरज असल्यास आत अरुंद नळी घालावी, आणि गॅसच्या मोकळ्या टोकाला टोपी बसवून गळती तपासावी.