ग्रास कटर (पेट्रोलवरील)

ग्रास कटर : लहान पेट्रोल इंजिनाच्या साहाय्याने नायलॉनची दोरी किंवा पोलादी पाते वेगाने फिरवून गवत व झुडपे कापणारे, खांद्याला अडकवून चालवायचे यंत्र. विक्रेते याला ब्रश कटर म्हणतात. कोकणात आंबा-काजूच्या बागांची बेणणी (गवत-झुडपांची सफाई) करणारे गडी मात्र सरसकट ‘ग्रास कटर’ म्हणतात. नायलॉन दोरीची कल्पना अमेरिकेतील ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांची. मोटारी धुणारे फिरते ब्रश पाहून त्यांनी 1971 मध्ये पॉपकॉर्नच्या डब्याला भोके पाडली, त्यांत मासेमारीची दोरी ओवली आणि तो डबा गवताच्या कडा कापणाऱ्या यंत्रावर बसवला.

दोरीला धार नसते. ती गवताला फटका मारते आणि फटक्याची ताकद टोकाच्या वेगात असते. 40 सेंमी व्यासाचे वर्तुळ मिनिटाला 7,000 फेऱ्यांनी फिरले, तर टोकाचा वेग ताशी 500 किमीच्या वर जातो. म्हणून गवताला फक्त टोक लागू द्यावे. डोके (दांड्याच्या टोकाचा, दोरी गुंडाळलेला फिरता भाग) गवतात खुपसले की वेग पडतो, दोरी तुटते आणि लांब गवत दांड्याला गुंडाळते. कमरेएवढे गवत एकाच फेरीत बुंध्याशी कापू नये. आधी वरचा अर्धा भाग उडवावा, मग खालचा.

कापताना रेस पूर्ण द्यावी. अर्ध्या रेसवर पेट्रोल वाचते ही समजूत महागात पडते : इंजिनाचा क्लच केंद्रोत्सारी बलावर चालतो, वेग कमी असला की तो नीट पकडत नाही, घसरतो आणि जळतो. गवतातून डोके बाहेर आले की रेस सोडावी.

दोरी की पाते : कोवळे गवत, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडा आणि दगडगोटे असलेली जागा यांसाठी 2.4 ते 3 मिमी जाडीची दोरी. जून, ताठ गवताला दोन किंवा तीन दातांचे पाते आणि बोटाएवढ्या खोडाच्या झुडपांना 80 दातांचे गोल पाते. जांभ्याच्या कातळावर पाते लावणे म्हणजे ते गमावणे. वैरण कापायची असेल तर मात्र पातेच वापरावे, कारण दोरी गवताचा चुरा करते आणि झिजलेल्या नायलॉनचे तुकडे वैरणीत मिसळतात. वर्षभर पडून कोरडी, ठिसूळ झालेली दोरी आदल्या रात्री पाण्यात भिजत ठेवली की पुन्हा चिवट होते.

दोरी डोक्यावरील बाणाच्या दिशेने, घट्ट आणि फेरे एकमेकांवर न चढवता गुंडाळावी. सैल गुंडाळलेले फेरे उष्णतेने चिकटतात; मग डोके जमिनीवर कितीही आपटले तरी दोरी बाहेर येत नाही. दोन्ही टोके सारखी नसतील तर यंत्र थरथरते.

संरक्षक झाकण (गार्ड) अडचण होते म्हणून काढून टाकण्याची सवय सर्वत्र दिसते, आणि ती सर्वांत वाईट. दगड पायांवर येण्यापासून ते अडवतेच. शिवाय त्यावरील छोटी सुरी दोरी योग्य लांबीवर छाटते. ती नसली की दोरी वाढत जाते, इंजिनावर भार येतो आणि ते तापते.

इंधन : टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळते. पुस्तिकेत 25:1 असेल तर 1 लिटर पेट्रोलला 40 मिली टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचे वंगणतेल), 50:1 असेल तर 20 मिली. मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये हलवून मगच टाकीत ओतावे. ऑइल विसरले तर पिस्टनवर ओरखडे पडून इंजिन जाम होते. जास्त झाले तर धूर होतो, प्लग काळा पडतो, सायलेन्सरची जाळी बुजते. फोर-स्ट्रोक यंत्रात टाकीत निव्वळ पेट्रोल आणि ऑइल वेगळे भरतात. 35 सीसीच्या इंजिनाला ते जेमतेम 100 मिली लागते, त्यामुळे पातळी रोज पाहावी. पेट्रोल भरताना इंजिन थंड असावे आणि यंत्र तिथून 3 मीटर दूर नेऊन सुरू करावे.

सुरू करताना प्रायमरचा (पेट्रोल वर खेचणारा) फुगा पाच-सहा वेळा दाबावा, चोक (हवेची झडप) बंद करून स्टार्टरची दोरी ओढावी. इंजिन एकदा ‘फट्’ करून विझले की चोक उघडून पुन्हा ओढावी. ही ‘फट्’ ऐकू न आल्याने लोक बंद चोकवरच ओढत राहतात आणि पेट्रोल ‘ओव्हर’ होते. तेव्हा प्लग काढून पुसावा, चोक उघडा ठेवून मोकळेच पाच-सहा वेळा ओढावे आणि प्लग परत बसवावा.

काम करताना : सरळ दांड्याच्या बहुतेक यंत्रांचे डोके वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. म्हणून उजवीकडून डावीकडे कापत जावे. गवत कापलेल्या भागावर पडते. पात्याचा समोरचा-उजवा भाग (घड्याळातील 12 ते 3) खोडाला वा दगडाला लागला तर यंत्र झटक्याने उसळते. याच दिशेमुळे पात्याचा नट उलट आट्यांचा असतो : तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो.

15 मीटरच्या आत माणूस वा गुरे नसावीत. जाळीच्या मुखवट्यातून बारीक खडी आत येते, त्यामुळे आत गॉगल हवाच. गमबूट, नडगीचे संरक्षण, कानांवर मफ आणि जाड हातमोजे घालावेत. उतारावर आडवे चालावे. आधी जागा फिरून तारा, बाटल्या, ठिबकच्या नळ्या आणि गांधीलमाश्यांची पोळी पाहून घ्यावीत. कलमाच्या बुंध्याभोवतीचे वीतभर गवत विळ्यानेच काढावे. दोरीने साल गोलाकार सोलली की वरून हिरवे दिसणारे कलम काही महिन्यांत वाळते.

अडकलेले गवत काढण्याआधी इंजिन बंद करून प्लगची टोपी काढावी. एअर फिल्टर रोज झटकावा आणि दांड्याच्या टोकाच्या गिअरपेटीत साधारण 25 तासांनी ग्रीस भरावे. हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप विझेपर्यंत चालवावे : इथेनॉलमिश्रित पेट्रोल दमट हवेत पाणी शोषते, आणि कार्ब्युरेटरमधील पातळ पडदा कडक होऊन पुढच्या पावसाळ्यात यंत्र सुरूच होत नाही.